मळमळीचे मूळ
एस. वाय. बी. ए. (भूगोल)

मळमळ आणि उलटी या विषयावर कला शाखेच्या विद्यार्थिनीने लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. मी वैद्यकशास्त्र शिकलेली नाही आणि या लेखात कोणाला औषध सांगण्याचा माझा अधिकारही नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी अडीच महिने हाच एक प्रश्न होता. त्याचे उत्तर सापडले ते ज्या रीतीने सापडले, ती रीत मी भूगोलाच्या तासाला शिकले होते. म्हणून हा अभ्यास वार्षिकांकासाठी लिहून काढला आहे. ज्या वहिनीबद्दल तो आहे तिला मी आधी विचारले. 'माझं नाव टाकू नका ताई, बाकी झालं तसं लिहा,' असे ती म्हणाली.

आमचे घर म्हसावदला. शहाद्याहून तोरणमाळला जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो आणि उत्तरेला पाहिले की सातपुडा दिसतो. पपई, केळी, ऊस, कापूस यांचे मळे आमच्या भागात पुष्कळ आहेत, पण ते ज्यांचे आहेत त्यांचे. बा वीस वर्षे दुसऱ्याच्या मळ्यात सालदार आहे. मोठा भाऊ दोन एकर कोरडवाहू तुकडा निम्मे बटाईने करतो, त्यात बाजरी घेतो. माय आणि वहिनी मजुरीला जातात. घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे रेशनच्या अर्जापासून दवाखान्याच्या कागदापर्यंत जे काही वाचायचे ते मी वाचते. वाचता येणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या प्रकरणात कळले.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी वहिनीला पहिली उलटी झाली. दुपारचे जेवण झाल्यावर तासा-दीड तासाने पोटात ढवळून आले, मग लागोपाठ चार-पाच उलट्या, डोळ्यांपुढे सगळे फिरू लागले, आणि नंतर अशी झोप आली की संध्याकाळी हाक मारली तरी ती धड जागी होईना. नशा केल्यासारखी बोलत होती. दुसऱ्या दिवशी अंग गळाले होते, पण बाकी ठीक. दोन दिवस गेले आणि पुन्हा तेच.

सुनेला उलटी होते म्हटल्यावर घरात पहिला विचार कोणता येतो, हे वाचकांना सांगायला नको. लग्नाला दोन वर्षे झाली होती. माय हरखली. शेजारच्या बायकांनी चिंचा आणून दिल्या. आशाताईंनी तपासणीची पट्टी आणली, तिच्यावर एकच रेघ उमटली. पंधरा दिवसांनी दुसरी पट्टी, पुन्हा एकच रेघ. चिंचा यायच्या बंद झाल्या.

मग ते पित्त ठरले. लिंबू-सोडा झाला, आल्याचा रस झाला. मग दृष्ट ठरली, मीठ-मोहरी-मिरची ओवाळून चुलीत टाकली. शेवटी एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथे इंजेक्शन आणि सलाईन, तीन दिवस मुक्काम. रक्त, लघवी, काविळीची तपासणी, पोटाची सोनोग्राफी. सगळे कागद मी एकेक करून वाचले, सगळ्यांवर 'नॉर्मल' होते. भावाने त्यासाठी मळेवाल्याकडून उचल घेतली. वहिनी हसतमुख घरी आली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बसून ओकू लागली.

त्यानंतर तिला माहेरी धाडले. माहेरी ती दहा दिवस राहिली. दहा दिवसांत एकही उलटी नाही, पोटभर जेवली, वजनही वाढले असावे. आणायला गेलेल्या भावाला सासूने अभिमानाने तसे सांगितले. सासरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी उलटी.

माहेरी बरी आणि सासरी आजारी, याचा अर्थ गल्लीतल्या बायकांनी चटकन लावला. 'नांदायचं नाही तिला, ढोंग आहे.' तिच्या तोंडावर कोणी बोलले नाही, पण घराला भिंती पत्र्याच्या आहेत. भाऊ रात्री ओट्यावर गप्प बसून राही. माय एकदा म्हणाली, 'बरी होईपर्यंत राहू दे तिकडंच.' 'बरी होईपर्यंत' याला आमच्याकडे मुदत नसते. अशी माहेरी 'बरी होईपर्यंत' राहिलेली एक बाई मी लहानपणापासून पाहते आहे, तिचे केस आता पांढरे झाले. खरे सांगायचे तर ढोंगाचा संशय मलाही अर्धामुर्धा आला होता. तो का आला ते पुढे येईल.

आता थोडे शास्त्राकडे वळते. उलटी पोटातून येते म्हणून आपण तिचे कारण पोटात शोधतो. पण तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या खालच्या भागात, ज्याला लंबमज्जा म्हणतात तिथे, उलटीचे नियंत्रण आहे. त्याच्याकडे बातमी अनेक वाटांनी पोचते. पोट-आतड्यांतून एक वाट आहे. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून दुसरी, एस. टी.त घाटावर मळमळते ते तिच्यामुळे. वास, किळस, भीती यांची वाट मेंदूच्या वरच्या भागातून येते. चौथी वाट रक्ताची. मेंदूला रक्तातल्या विषापासून जपणारा एक पडदा असतो, तो या ठिकाणी जाणूनबुजून सैल ठेवल्यासारखा आहे. रक्तातून काही विपरीत आले की त्या जागेला आधी वास लागतो आणि ती उलटीचा हुकूम देते. म्हणून मूत्रपिंडे निकामी झाली, मधुमेह फार वाढला, काही औषधे घेतली किंवा डोक्यात दाब वाढला तरी माणूस ओकतो, आणि सोनोग्राफीत पोट मात्र निर्दोष दिसते. वहिनीच्या पोटाचे कागद चांगले आले याचा अर्थ एवढाच होता की ती वाट चुकीची होती. आम्ही त्याचा अर्थ लावला की तिला काही झालेलेच नाही.

त्याच सुमारास वर्गात वैद्यकीय भूगोलाचा भाग चालू होता. सरांनी लंडनच्या सोहो भागातील १८५४ च्या पटकीची हकीकत सांगितली. पटकी दूषित हवेने होते असा तेव्हा समज होता. जॉन स्नो या डॉक्टरांनी मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या एका पंपाभोवती दाटलेली दिसली. हे सगळ्या पुस्तकांत असते. सरांनी त्याच्या पुढची गोष्ट सांगितली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. त्या पंपाजवळच बिअरचा एक कारखाना होता. तिथले कामगार मेले नाहीत, कारण त्यांना प्यायला बिअर मिळे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई पटकीने गेली, आणि तिच्या आसपास दुसरा रोगी नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की पूर्वी सोहोत राहिलेल्या त्या बाईला त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती ते रोज गाडीने मागवी. सर म्हणाले, 'आजारी कोण पडले एवढेच विचारू नका. पडायला हवे होते आणि पडले नाही असे कोण, न पडायला हवे होते आणि पडले असे कोण, ते शोधा.'

एस. टी.त परत येताना माझ्या डोक्यात एकच चालले होते. आमच्या घरी पडायला हवे होते आणि पडले नाही असे चौघेजण होते. पाणी एकच, चूल एकच, तवा एकच.

त्या रात्री मी शंभर पानी वही घेतली. तारीख, वार, सकाळी काय खाल्ले, दुपारी काय, पाणी कुठले, काम कोणते, उलटी झाली की नाही, किती वाजता. वहिनीने उगाच आढेवेढे घेतले नाहीत. बारा दिवस मी रोज रात्री तिला विचारून लिहिले. उलटीच्या दिवसांपुढे लिहिलेले होते: भाकरी, वांग्याची भाजी. भाकरी, डाळ. भाकरी, ठेचा. बिनउलटीच्या दिवसांपुढेही तेच. वहीतून दोन गोष्टी मात्र दिसल्या. एक, रविवारी तिला कधीच उलटी झाली नव्हती. दुसरे, दवाखान्यातून आल्यापासून उलट्यांचे दिवस कमी न होता वाढले होते. पहिल्या गोष्टीने माझा संशय बळावला. रविवारी मी दिवसभर घरी असते. बघणारे कोणी असले की बरी, नसले की आजारी, असे ते दिसत होते. ही वही मी माझ्या भावाला दाखवली असती तर वहिनीचे काय झाले असते, याचा विचार आजही मनात येतो.

मी ती आरोग्य उपकेंद्रातील सिस्टरबाईंना दाखवली. त्यांनी दोन पाने उलटली आणि विचारले,

'भाकरी कशाची?'

'बाजरीची.'

'कोणत्या पिठाची?'

'आमच्या सगळ्यांची एकच असते.'

'तू बघितलीस?'

मी बघितली नव्हती. मी सकाळी सातच्या गाडीने शहाद्याला जाते. बा आणि भाऊ भाकरी बांधून मळ्यात नेतात, मायही कामावर जेवते. वहिनी ज्या दिवशी मजुरीला जात नाही त्या दिवशी दुपारी घरी एकटी जेवते. तिचे दुपारचे जेवण आमच्यापैकी कोणी दोन वर्षांत पाहिलेच नव्हते. डॉक्टरांनी तिला 'काय खाल्लं होतं?' असे विचारलेच होते. ती म्हणाली होती, 'भाकरी-भाजी.' मीही वहीत बारा वेळा 'भाकरी' लिहिले. उत्तर खरे होते आणि त्यातून काहीच कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवले. दुपारी वहिनीने कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून पीठ काढले. घरातले पीठ दुसऱ्या डब्यात असते. मी विचारले तेव्हा ती ओशाळली. ते मातेऱ्याचे पीठ होते.

बाजरी खळ्यावर उफणली की चांगला दाणा एका ढिगात पडतो, हलका आणि फुटका दाणा वाऱ्याने पलीकडे भुसाजवळ जातो. पोते भरल्यावर खाली उरते त्याला मातेरे म्हणतात. ते लोक गुराकोंबड्यांना घालतात. वहिनी ते झाडून आणी, पाखडी, खडे-माती काढी आणि थोडे थोडे घरातल्या जुन्या जात्यावर दळी. गिरणीत दिले असते तर चार जणांना दिसले असते. घरात सगळे असले म्हणजे ती सगळ्यांबरोबर पोत्यातल्या पिठाची भाकरी खाई. एकटी असली म्हणजे मातेऱ्याची. म्हणून रविवार मोकळा जाई. 'तेवढंच पोतं आठ दिवस जास्त पुरतं,' ती म्हणाली. दवाखान्यासाठी उचल घेतल्यापासून तिने मातेऱ्याच्या भाकरी वाढवल्या होत्या. आपल्या आजाराचा खर्च आपल्या पोटातून भरून काढावा असा तिचा हिशेब होता. दवाखान्यानंतर उलट्या का वाढल्या त्याचे उत्तर वहीत नव्हते, ते या हिशेबात होते.

'मग तुला मातेऱ्याचा संशय आला नाही?' तर ती म्हणाली, 'माहेरीही खात होते, दरवर्षी खाते. कधी काही झालं नाही.' हेही खरेच होते.

मी उरलेले मातेरे ताटात पसरले. बाजरीच्या करड्या दाण्यांत काळपट तपकिरी, लांबट, एका टोकाला निमुळते असे दाणे होते, बाजरीपेक्षा मोठे. पुष्कळसे मोडलेले, त्यामुळे पाखडताना कचरा वाटावा असे. बाजरीचे पीठ मुळातच करडे, त्यात ते दळल्यावर काय दिसणार? संध्याकाळी बा आला. त्याने एक दाणा तळहातावर घेतला आणि म्हणाला, 'हा तर चिकट्याचा.'

बाला ते लहानपणापासून माहीत होते. कणीस फुलोऱ्यावर असताना आमच्याकडे आठ-दहा दिवस झड लागली होती. नंतर कणसांतून मधासारखे चिकट थेंब गळू लागले, मुंग्या आणि माश्या जमल्या, कापणीच्या वेळी हाताला चिकचिक लागत होती. भाऊ तेव्हा घरी येऊन हे बोललाही होता. शेतात चिकटा पडल्याचे पुरुषांना ठाऊक होते, मातेरे आपण खातो हे वहिनीला ठाऊक होते, उलटी सगळ्यांना ठाऊक होती. या तीन गोष्टी एकाच घरात अडीच महिने वेगवेगळ्या बसून होत्या.

कृषी सहायकांनी दाणे पाहून सांगितले की हा अरगट. काही ठिकाणी याला साखऱ्याही म्हणतात. ही एक बुरशी आहे. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट, रिमझिम हवा राहिली की बुरशीचे बीजाणू फुलाच्या केसरावाटे आत शिरतात. त्या फुलाला परागकण आधी मिळाले तर केसर सुकतो आणि वाट बंद होते. पावसाने पराग धुऊन गेले की वाट उघडी राहते. मग दाण्याच्या जागी बुरशी वाढते, आधी चिकट मध आणि नंतर तो काळा कठीण गाठीसारखा दाणा. पुस्तकात असेही वाचले की १९६५ मध्ये एचबी-१ हे पहिले संकरित वाण आल्यावर उत्पन्न वाढले तसा या रोगाचा उपद्रवही वाढला. एका वाणाची सारी कणसे एकदम फुलतात, हवा वाईट निघाली तर एकदमच सापडतात.

हा प्रकार आमच्याच घरी पहिल्यांदा घडला अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. त्या वेळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन लोकांना विषबाधा झाल्याची साथ टी. बी. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली आहे. राजस्थानात १९७५ मध्ये असेच घडले, त्याचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि भट या संशोधकांनी केला. लक्षणे वाचताना माझ्या अंगावर काटा आला: खाल्ल्यावर तासा-दोन तासांनी मळमळ, पुन्हा पुन्हा उलट्या, चक्कर, आणि मग गुंगी. एक-दोन दिवसांत उतरते, आणि तेच धान्य खाल्ले की परत येते. आमची वही कोणीतरी साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती.

युरोपातला अरगट याहून भयंकर. तो राय या धान्यावर येतो. मध्ययुगात तिकडे गावेच्या गावे त्याने पीडली. कोणाला आचके येत, कोणाची बोटे-पाय काळे पडून गळत. त्याला 'संत अँथनीचा अग्नी' म्हणत आणि देवाचा कोप समजत. दोदार या फ्रेंच वैद्याने १६७६ मध्ये रायच्या काळ्या दाण्यांकडे बोट दाखवले. आमच्या बाजरीवरची बुरशी त्याच कुळातली पण दुसऱ्या जातीची आहे आणि तिचे विष निराळे, त्याला क्लेव्हिन गट म्हणतात. त्याने बोटे झडत नाहीत. ते रक्तावाटे मेंदूतल्या त्या सैल पडद्याच्या जागी पोचते आणि उलटी व गुंगी आणते. पोटाची सोनोग्राफी कितीही केली असती तरी ते दिसले नसते. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला जे मेथर्जिन देतात, त्याचे मूळ त्या रायच्या अरगटातच आहे.

क्लेव्हिन हे नाव पुढे मला आणखी एका ठिकाणी भेटले. उपवासाची भगर खाऊन उलट्या, चक्कर झाल्याच्या बातम्या आपण नवरात्र-शिवरात्रीला वाचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात सोमठाणा येथे सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले. जागा पुरेना म्हणून उघड्यावर दोर बांधून त्यांना सलाईन लावलेले फोटो वर्तमानपत्रांत आले होते. भगरीविषयी अन्न व औषध प्रशासन जी सूचना काढते तीत म्हटलेले असते की ओलसर राहिलेल्या भगरीवर अस्परजिलस बुरशी वाढते आणि फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषे तयार होतात. म्हणून भगर घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवावी, पीठ फार दिवस साठवू नये, सुटी घेऊ नये. बुरशी वेगळी, धान्य वेगळे, पण विषाचे घराणे तेच. कोद्रा माजतो असे जुने लोक म्हणतात तेही बुरशीमुळेच. मध्य प्रदेशात बांधवगडला २०२४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या शेवटी दहा हत्ती मेले, त्यांच्या पोटात कोद्र्यावरच्या बुरशीचे विष सापडले.

सर्वांत जवळची आणि सर्वांत दुःखाची हकीकत १९७४ ची आहे. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या जिल्ह्यांतील गावांत त्या वर्षी अवकाळी पावसात मका भिजला. ती गावे भिल्लांची, आमच्या सातपुड्यातल्यासारखीच. लोकांनी मका वाळवून साठवला, दुसरे धान्य नव्हते म्हणून बुरशीचाही खाल्ला. अन्नावरची वासना गेली, उलट्या, मग कावीळ, पोटात पाणी. कावीळ म्हटल्यावर सगळ्यांना विषाणूची साथ वाटेल. पण ज्या घरांत मका हेच मुख्य अन्न, त्याच घरांत आजार होता आणि त्या घरांतली कुत्रीसुद्धा तशीच मेली होती. कारण मक्यातले अफ्लाटॉक्सिन निघाले. पोषण संस्थेच्या नोंदीत ३९७ रोगी आणि १०६ मृत्यू आहेत. ते वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ नुसती बसले. वहिनीच्या मातेऱ्यात दुसरी बुरशी असती तर उलट्यांवर भागले नसते.

आता आमच्या शोधातली कमतरता सांगितली पाहिजे. ते दाणे आम्ही प्रयोगशाळेत पाठवले नाहीत, एवढे आम्हाला सुचलेही नाही आणि परवडलेही नसते. तेव्हा 'सिद्ध झाले' असे मी म्हणू शकत नाही. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी वही आणि दाणे पाहिले आणि 'हेच असण्याचा संभव फार' इतकेच म्हटले. उलट्या पुन्हा झाल्या तर रक्त-लघवी परत तपासू, असेही बजावले. भावाला खात्री करून घ्यायची होती. तो म्हणाला, एक भाकरी कुत्र्याला घालून बघू. वहिनीने घालू दिली नाही. तिने पिठाचा डबा आणि उरलेले मातेरे घेतले, भावाने मागे खड्डा खणला, आणि ते पुरले. त्या दिवसानंतर तिला उलटी झालेली नाही. आम्ही सगळे पोत्यातले तेच धान्य खात होतो, त्यातही चार-दोन काळे दाणे होते. कायद्याने धान्यात अरगटाचे प्रमाण वजनाने ०.०५ टक्क्यांहून जास्त नसावे, म्हणजे एका किलोत अर्धा ग्रॅम. पोत्यातल्या बाजरीत ते बहुधा त्याच्या आसपास असेल. पण उफणताना हलके दाणे एकत्र जमले आणि सगळ्या शेताचा अरगट एका बाईच्या ताटात आला.

ढोंगाबद्दल गल्लीत कोणी शब्द मागे घेतले नाहीत. माय एवढेच म्हणाली, 'मला सांगायचं होतंस.' वहिनी म्हणाली, 'काय सांगू?' आता दुपारची भाकरी सकाळीच सगळ्यांच्या पिठाची करून ठेवतात.

कृषी सहायकांनी बियाण्याची युक्ती सांगितली होती. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे आणि त्यात बी सोडायचे. चांगला दाणा खाली बसतो, अरगट आणि पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून टाकायचे, खालचे बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. मृगाआधी भावाने घमेल्यात ते करून पाहिले. काळे दाणे वर आले, वहिनीने ते हाताने निपटून काढले आणि दूर नेऊन पुरले. मिठाला चाळीस रुपये लागले. दवाखान्याची उचल अजून फिटायची आहे.